गोव्यात होम इन्स्पेक्टरला लायसन्स असतं का? त्याची चौकशी कशी करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: म्हापशात १५ वर्षं जुन्या इमारतीत फ्लॅट घेताय, एजंटने एक ‘सर्टिफाइड होम इन्स्पेक्टर’ सुचवलाय, आणि अमेरिकेतला भाऊ म्हणतो की आधी त्याचं लायसन्स आणि पोलीस तपासणी बघ. ते कुठे बघायचं?

लायसन्स शोधत बसू नका, ते नाहीच. घर तपासून देण्याच्या धंद्याला भारतात वेगळा कायदा नाही, परीक्षा नाही, परवाना देणारं मंडळ नाही. गोव्यातही नाही. आज कार्ड छापलं की उद्या तपासणीला जाता येतं. ‘सर्टिफाइड’ म्हणजे बहुधा एखाद्या खासगी संस्थेचा कोर्स. तो वाईटच असेल असं नाही. पण त्यावरून त्या माणसाला चिऱ्याच्या भिंतीतली ओल आणि समुद्राकाठच्या स्लॅबमधली गंजलेली सळी कळते की नाही, हे कळत नाही.

भाऊ सांगतो ते तिथे खरं आहे, पण तिथेही राज्याराज्यांत फरक आहे. टेक्सासमध्ये बोटांचे ठसे देऊन पूर्वेतिहास तपासतात आणि व्यावसायिक चुकीचा किमान १ लाख डॉलरचा विमा लागतो. फ्लोरिडात १२० तासांचं शिक्षण आणि परीक्षा आहे. कॅलिफोर्नियात मात्र लायसन्सच नाही. तरी तिथल्या कायद्यात एक कामाची गोष्ट आहे: ज्या घराची तपासणी केली, त्याच घराची दुरुस्ती त्या इन्स्पेक्टरने पुढचे १२ महिने पैसे घेऊन करायची नाही. आपली परिस्थिती कॅलिफोर्नियासारखी आहे, फक्त ही अट आपण स्वतः करारात लिहून घ्यावी लागते.

आता इथे काय आहे ते बघू. एकच परवाना नसला तरी तपासणीतल्या वेगवेगळ्या कामांना वेगवेगळ्या नोंदण्या आहेत. म्हणून ‘लायसन्स आहे का’ असं न विचारता ‘अहवालातल्या कुठल्या भागावर कोण सही करणार आणि त्याचा नंबर काय’ असं विचारा.

‘आर्किटेक्ट’ हे बिरुद १९७२ च्या कायद्याने राखीव आहे. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नंबर ‘सीए’, मग वर्ष, मग क्रमांक असा असतो. तो कौन्सिलच्या वेबसाइटवर टाकून नाव जुळतं का आणि नोंदणी चालू आहे का, दोन्ही बघा. नूतनीकरण न केलेले पुष्कळ सापडतात. मात्र कायदा फक्त बिरुदाला संरक्षण देतो, कामाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तसं स्पष्ट केलंय.

सिव्हिल इंजिनिअरला देशभर लागू होणारी सक्तीची नोंदणी नाही. ‘चार्टर्ड इंजिनिअर’ हे इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सचं सदस्यत्व असतं, तेही ऐच्छिक. पण गोव्यात नकाशे आणि स्ट्रक्चरच्या दाखल्यांवर सही करणाऱ्यांची टीसीपीकडे, म्हणजे नगर नियोजन खात्याकडे, नोंदणी असते. आर्किटेक्टला ‘एआर’, इंजिनिअरला ‘ईआर’ आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला ‘एसई’ अशा अक्षरांनी सुरू होणारा नंबर मिळतो. तुमच्या कामाला ‘एसई’ महत्त्वाचा. ‘ईआर’वाला प्लास्टर, गळती, फरशी बघून देईल, कॉलम सुरक्षित आहे असं लिहून द्यायला ‘एसई’च हवा.

विजेसाठी वेगळाच माणूस. कंत्राटदाराचं लायसन्स आणि वायरमनचं परमिट ही मात्र खरी सरकारी कागदपत्रं आहेत, आणि दोन्हींवर मुदत छापलेली असते. मुदत आणि फोटो बघा. धंद्यातली नेहमीची पळवाट अशी, की लायसन्स एकाचं आणि बोर्ड उघडायला येणारा पोरगा भलताच.

काँक्रीटच्या चाचण्या लॅबकडून होणार असतील तर लॅबला एनएबीएलची, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे का ते बघा. प्रमाणपत्राची झेरॉक्स पुरत नाही. एनएबीएलच्या साइटवर त्या लॅबचा ‘स्कोप’, म्हणजे मान्यता असलेल्या चाचण्यांची यादी, उघडा आणि त्यात हार्डन्ड (घट्ट झालेल्या) काँक्रीटच्या नॉन-डिस्ट्रक्टिव्ह (न फोडता करायच्या) चाचण्या आहेत का ते वाचा. फक्त विटा आणि सिमेंट तपासायची मान्यता असलेली लॅबही लेटरहेडवर तोच लोगो मिरवते.

दोन शब्दांनी फसू नका. ‘गव्हर्नमेंट अप्रूव्ह्ड व्हॅल्युअर’ हा घराची किंमत काढतो, घरातला दोष शोधणं त्याचं काम नाही; बँकेचा व्हॅल्युएशन रिपोर्ट म्हणजे तपासणी नव्हे. ‘लायसन्स्ड सर्व्हेअर’ हा बहुतेक वेळा विम्याच्या नुकसानीचा अंदाज काढणारा किंवा जमीन मोजणारा असतो. दोघांची लायसन्सं खरी असतात, पण तुमच्या कामाची नसतात.

आता पार्श्वभूमी. पोलिसांचं कॅरेक्टर सर्टिफिकेट त्या माणसाने स्वतः अर्ज करून घ्यायचं असतं. तुम्ही परस्पर त्याची नोंद काढू शकत नाही. पासपोर्ट ऑफिसचं पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) परदेशी जाणाऱ्यांसाठी असतं, ते मागू नका. सर्टिफिकेट सहा महिन्यांच्या आतलं असावं. माणूस दीड वर्षापूर्वीच गोव्यात आला असेल तर इथल्या कागदाला फारसा अर्थ नाही, आधी राहत होता तिथलं मागा. बंद घराची चावी देणार असाल, विशेषतः मालक आखातात आणि घरात सामान तसंच, तर हा कागद हवाच. तुमचा फ्लॅट रिकामा असेल तर मी त्यापेक्षा पुढच्या दोन गोष्टींना जास्त वजन देईन.

पहिली, कोर्टातले दावे. ई-कोर्ट्सच्या साइटवर उत्तर आणि दक्षिण गोवा जिल्हा निवडून पक्षकाराच्या नावाने शोधता येतं. इथे गोव्याची खास अडचण येते: स्पेलिंग. नाईक हा जुन्या कागदांत पोर्तुगीज वळणाने, शेवटी क्यू-यू-ई लावून (Naique) लिहिलेला असतो, प्रभूचा ‘पोरोबो’ होतो, कामतचा ‘कामोतिम’, गावकराची तर तीन-चार रूपं. सगळी टाकून बघा. उलट बाजूने, एकाच नावाचे दहा नाईक सापडतील, म्हणून वडिलांचं नाव किंवा पत्ता जुळल्याशिवाय कुणावर शिक्का मारू नका. साइटवर वर्षही विचारतात, तेव्हा किमान मागची पाच वर्षं एकेक करून घाला. ग्राहक आयोगाचे खटले ई-जागृती या पोर्टलवर वेगळे शोधावे लागतात, आणि खराब कामाची तक्रार बहुधा तिथेच असते.

दुसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट: हितसंबंध. गुन्हेगार इन्स्पेक्टर क्वचित भेटेल. एजंटच्या मर्जीतला मात्र सर्रास भेटतो. तुमच्या बाबतीत नाव एजंटनेच सुचवलंय, आणि एजंटला कमिशन व्यवहार झाल्यावर मिळतं. मी असतो तर दुसरा माणूस शोधला असता. निदान एवढं लिहून घ्या: फी ठरावीक रकमेची, फ्लॅटच्या किमतीच्या टक्क्यात नाही, फी अहवाल मिळाल्यावर, विक्रीखत झाल्यावर नाही, एजंट किंवा विकणाऱ्याकडून काहीही घेतलेलं नाही, आणि तो स्वतः वॉटरप्रूफिंगची कामं घेत नाही. शेवटची अट ऐकून जो चुळबुळ करेल त्याचा धंदा तपासणीचा नाही, गळती दाखवून केमिकल विकण्याचा आहे. करार आणि पावती या दोन्हींशिवाय पैसे देऊ नका. सेवेत कसूर झाली तर ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, पण पैसे दिल्याचा पुरावा लागतो. जीएसटी नंबर दिलाच असेल तर पोर्टलवर नाव जुळतं का बघा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नंबर नसणं हा दोष नाही.

कागद झाले की फोनवर चार प्रश्न विचारा. उत्तरांवरून पाच मिनिटांत माणूस कळतो.

‘रिबाउंड हॅमर कुठे मारणार?’ हा काँक्रीटची ताकद अंदाजाने सांगणारा स्प्रिंगचा हातोडा, तो काँक्रीटवरच चालतो. प्लास्टर काढून, पृष्ठभाग कार्बोरंडम दगडाने घासून मग मारायचा. चिऱ्यावर किंवा प्लास्टरवरून मारला तर तो आकडा कचऱ्यात टाकायचा. जुन्या काँक्रीटचा वरचा थर कार्बोनेशनने, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने, कडक होतो आणि वाचन फुगतं, हेही त्याने आपणहून सांगायला हवं. ताकदीच्या अंदाजात ±२५ टक्के चूक धरतात.

‘सळी गंजली का ते कसं कळणार?’ कव्हर मीटरने आवरण, म्हणजे सळीवरच्या काँक्रीटची जाडी, मोजणं आणि हाफ-सेल, म्हणजे सळीचा व्होल्टेज मोजून गंजाचा अंदाज घेणं, ही दोन नावं यायला हवीत. समुद्राच्या हवेला उघड्या असलेल्या भागाला आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे ४५ मिलिमीटर आवरण आणि एम३० प्रतीचं काँक्रीट हवं. आवरण २० निघालं तर आज तडा नसला तरी पुढचा खर्च ठरलेला. हाफ-सेलमध्ये ताम्र-सल्फेट इलेक्ट्रोडवर उणे ३५० मिलिव्होल्टच्या खाली वाचन गेलं तर गंजाची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त. त्यासाठी एक सळी उघडी करावी लागते, म्हणजे सोसायटीची परवानगी. इथेच सगळं अडतं, तेव्हा ती आधी घ्या. सोबत गच्चीची चावी आणि वरच्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये जाण्याची सोयही करून ठेवा.

‘मॉइश्चर मीटर भिंतीवर १८ टक्के दाखवतो म्हणजे काय?’ ‘ओल आहे’ हे उत्तर चूक. पिनांचा मीटर लाकडासाठी बेतलेला असतो, प्लास्टरवर तो आकडा फक्त तुलनेपुरता. कोरडी जागा आणि संशयित जागा, दोन्हींचं वाचन हवं. क्षारांनीही तो चढतो, आणि किनाऱ्यालगत क्षार भरपूर. ताज्या रंगावरून लगेच संशय घेऊ नका, चतुर्थीआधी अख्खा गोवा घराला रंग काढतो. संशय घ्यायचा तो एकाच भिंतीच्या एकाच कोपऱ्यावर ताजा रंग असेल तर. तपासणी जुलै-ऑगस्टमध्ये जमली तर उत्तम.

‘आरसीसीबी कसा तपासणार?’ आरसीसीबी म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच. ‘टेस्ट बटण दाबून’ एवढंच म्हणाला तर थांबा. बटणाने आतली यंत्रणा चालते एवढं कळतं, अर्थिंग आहे की नाही ते कळत नाही. टेस्टर लावून ३० मिलिअँपिअरला ३०० मिलिसेकंदांच्या आत पडतो का बघायचं, आणि ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) वायरिंगचं इन्सुलेशन किमान १ मेगओहम येतं का तेही.

मालकी, सनद (जमीन बिगरशेती केल्याचा कागद), एक-चौदाचा जमिनीचा उतारा, नवरा-बायकोच्या सामाईक मालमत्तेच्या पोर्तुगीज काळापासूनच्या नियमांमुळे लागणाऱ्या दोघांच्या सह्या, हे सगळं वकिलाकडे. इन्स्पेक्टरकडून मात्र एक काम जरूर करून घ्या: मंजूर नकाशा आणि ऑक्युपन्सी सर्टिफिकेट हातात देऊन प्रत्यक्ष फ्लॅटशी ताडायला लावा. बंद केलेली बाल्कनी आणि पाडलेली भिंत तिथेच सापडते, आणि ती भिंत पाडल्याने इमारतीला धोका आहे का ते ‘एसई’लाच विचारायचं असतं.

हे सगळं ताबा घेण्याआधी का करायचं, तर रेरा या बिल्डरांवरच्या नियंत्रणाच्या कायद्यात बांधकामातल्या दोषाची जबाबदारी बिल्डरवर ताबा दिल्यापासून ५ वर्षंच असते. तुमची इमारत १५ वर्षांची, म्हणजे त्या वाटेने काही मिळणार नाही. अहवालात प्रत्येक फोटोखाली जागा, उपकरणाच्या कॅलिब्रेशनची तारीख, जिथे जाता आलं नाही त्या जागांची यादी आणि शेवटी सहीखाली नोंदणी नंबर हवा. नंबर नसेल तर अहवाल परत पाठवा आणि फी रोखून ठेवा.