आदली रात्र बंदरापाशी, गाडी परतीच्या सकाळसाठी

प्रश्न : ताई, आमची सात रात्रींची क्रूझ ठरली आहे. आयुष्यातली पहिलीच. बंदर घरापासून गाडीने साडेपाच तासांवर आहे आणि जहाज संध्याकाळी पाचला सुटतं. यजमान म्हणतात, पहाटे सहाला निघू, बाराच्या आत पोचू, बंदरातच गाडी लावू आणि चढू. एका रात्रीसाठी हॉटेलचा खर्च कशाला? मला मात्र आदल्या दिवशीच जाऊन राहावंसं वाटतंय. सोबत सासूबाई आहेत, वय 79, गुडघ्यांमुळे फार चालवत नाही. एका हॉटेलच्या जाहिरातीत 'मोफत पार्किंग' असं दिसलं. तिथेच आठवडाभर गाडी ठेवली तर चालेल का? तुम्ही सांगाल तसं करायचं, असं आमचं दोघांचं ठरलंय.

उत्तर : म्हणजे भांडणाचा निकाल माझ्या गळ्यात! ठीक आहे. आदल्या दिवशी जा.

यजमानांचा हिशोब तसा कच्चा नाही, फक्त त्यांनी पाचचा आकडा धरलाय. पाच ही जहाज सुटण्याची वेळ. तुमचं दार त्याआधीच बंद होतं, बहुतेक ठिकाणी तास-दीड तास आधी, काही ठिकाणी त्याहूनही लवकर. अमेरिकेत तर जहाज सुटण्याच्या किमान 60 मिनिटं आधी प्रवाशांची अंतिम यादी सरकारकडे पोचावी लागते. ती गेली की नंतर आलेल्याला कप्तानाने मनात आणलं तरी घेता येत नाही. शिवाय हल्ली टर्मिनलवर येण्याची वेळही प्रत्येकाला नेमून दिलेली असते. म्हणजे तुमचे पाच प्रत्यक्षात साडेतीन समजा. त्यातून एक पंक्चर, एक अपघातामुळे तुंबलेला रस्ता आणि सासूबाईंसाठी चार ठिकाणी थांबणं वजा करा. काय उरतं ते यजमानांनाच मोजू द्या.

मी एकोणीस वर्षं टूर मॅनेजर होते. एक जोडपं अजून डोळ्यांसमोर आहे. मी वरच्या डेकवर कठड्याला टेकून उभी होते आणि ती दोघं खाली धक्क्यावर, सामानाची ट्रॉली मधे धरून. जिना काढलेला. जहाज आणि धक्का यांच्यात जेमतेम हातभर पाणी. बाई हात हलवत होत्या, आणि वरचे लोक त्या निरोप द्यायला आल्यात असं समजून उलट हात हलवत होते. पुढचं बंदर दुसऱ्या देशात होतं. तिथवरचं विमान स्वतःच्या खिशातून, तेही त्या देशाचा व्हिसा हातात असेल तर.

आता राहायचं कुठे? आधी एक गोष्ट तपासा : तिकिटावर ज्या शहराचं नाव आहे, बंदर खरंच त्याच शहरात आहे का? क्रूझवाले मोठ्या शहराचं नाव सर्रास लावतात. 'रोम'हून सुटणारं जहाज चिवितावेक्कियाहून सुटतं, रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. 'लंडन'ची कित्येक जहाजं साउदॅम्प्टनहून निघतात, ते सुमारे 130 किलोमीटर. 'बर्लिन' म्हणजे वार्नेम्युंडे, दोनशे किलोमीटरहून लांब. मुक्काम बंदराच्या गावात करायचा, नावाच्या शहरात नाही. आणि बंदराच्या गावातही टर्मिनल कोणतं ते विचारा. एकट्या साउदॅम्प्टनमध्ये क्रूझची पाच टर्मिनलं आहेत. टर्मिनल आयत्या वेळी बदलूही शकतं, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा बघा.

हे ज्ञान मला फुकटात मिळालेलं नाही. एकदा नकाशा न उघडता, नुसत्या नावात 'पोर्ट' बघून मी हॉटेल घेतलं. रात्री अकराला पोचलो तर डोक्यावरून विमानं जात होती. ते 'पोर्ट' एअरपोर्टातलं होतं. बत्तीस माणसं माझ्याकडे बघत होती.

हॉटेल ठरवताना सासूबाईंसाठी खालच्या मजल्यावरची किंवा लिफ्टजवळची खोली मागा. सकाळी खोली अकराच्या सुमारास सोडावी लागेल आणि तुमची चढण्याची वेळ दुपारची असेल, तर मधले दोन तास सामान ठेवून लॉबीत बसू देतील का, तेही विचारून घ्या. व्हीलचेअर लागणार असेल तर क्रूझ कंपनीला आत्ताच कळवा. टर्मिनलच्या दारातून जहाजापर्यंतचं चालणं वाटतं त्याहून खूप असतं.

तुमच्या 'मोफत पार्किंग'चं सांगते. त्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो, की तुम्ही राहाल त्या रात्रीपुरती गाडी मोफत. सकाळी तुम्ही जहाजावर गेलात की ती गाडी पाहुण्याची राहत नाही. काही हॉटेलं एक रात्र मुक्काम आणि क्रूझभर पार्किंग असं एकत्र देतात, ते चांगलंच. पण हॉटेलकडून लेखी घ्या : किती दिवस, गाडी त्यांच्याच आवारात राहणार की दुसरीकडे नेणार, किल्ली ठेवून घेणार का, आणि बंदरापर्यंतची व्हॅन जातानाच आहे की येतानाही. हा शेवटचा प्रश्न नव्वद टक्के लोक विचारत नाहीत, आणि आठ दिवसांनी बंदराबाहेर टॅक्सी शोधत उभे राहतात.

खरं तर पार्किंगबद्दल मला एवढंच सांगायचंय, की ते परतीच्या सकाळकडे बघून निवडा. जाताना माणूस ताजातवाना असतो, उत्साहात असतो, अर्धा किलोमीटर चालवलं तरी हसतो. येताना सकाळी लवकर केबिन रिकामी करावी लागते. 2024 मध्ये सुरू झालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज'सारख्या जहाजावर 7,600 पर्यंत प्रवासी मावतात. तुमचं जहाज लहान असेल, तरी हजारोंनी माणसं उतरतात आणि त्याच दिवशी तेवढीच नवी चढतात. एकच रस्ता, एकच फाटक. बाहेरच्या स्वस्त पार्किंगची व्हॅन त्या गर्दीत फेऱ्या मारत असते, आणि तुमचा नंबर तिसऱ्या फेरीत लागतो. सासूबाईंना घेऊन ती रांग नको. तुमच्यासाठी बंदराचं स्वतःचं पार्किंगच, जास्त पैसे पडले तरी. फक्त आधी बुकिंग करा. टर्मिनलच्या दारात किल्ली घेऊन गाडी लावून देणारी सोय मिळाली तर आणखी बरं. देताना गाडीचे चारही बाजूंनी आणि किलोमीटरच्या आकड्याचे फोटो काढून ठेवा.

पैशांत लोक एका ठिकाणी हमखास फसतात. सात रात्रींची क्रूझ रविवार ते रविवार, म्हणजे कॅलेंडरचे आठ दिवस. काही पार्किंगवाले चोवीस तासांचा एक दिवस धरतात, काही तारखा मोजतात. आठ धरून हिशोब करा. मग दोन्ही बाजूंच्या टॅक्सीशी तुलना करा. साडेपाच तासांच्या अंतराला टॅक्सी परवडायची नाही, पण तास-दीड तासावर राहणाऱ्यांना लांबच्या क्रूझसाठी गाडी घरी ठेवणं पुष्कळदा स्वस्त पडतं.

चढायच्या दिवशी आधी टर्मिनलच्या दारात सासूबाई, तुम्ही आणि सामान उतरा. मोठ्या बॅगा तिथेच हमालांकडे द्यायच्या, टॅग आधीच लावलेले हवेत. त्या परस्पर केबिनपाशी येतात, कधीकधी संध्याकाळ होते. म्हणून पासपोर्ट आणि औषधं हातातल्या पिशवीत. यजमान एकटे गाडी लावून येतील.

आणि गाडीची किल्ली! ती कुठे ठेवली हे दोघांनाही माहीत हवं. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात, रात्रीतून त्या खाली जातात. मी एकदा किल्ली जाकिटाच्या खिशात ठेवली होती आणि जाकीट नीट घडी करून बॅगेत. सकाळी शेकडो काळ्या बॅगांमधून फिरत होते. माझी सापडली ती सगळ्यात शेवटी, कारण एक गृहस्थ ती आपलीच समजून दारापर्यंत घेऊन गेले होते. तेव्हापासून किल्ली केबिनच्या तिजोरीत, पासपोर्टाखाली.

बॅटरी जुनी असेल तर निघण्याआधी तपासून घ्या. खाऱ्या हवेत हँडब्रेक आवळून गाडी आठवडाभर उभी केली तर कधीकधी तो धरून बसतो. जागा सपाट असेल तर गाडी गिअरमध्ये ठेवा, पण आधी पार्किंगवाल्यांचा नियम विचारा.

प्रश्न : आमची क्रूझ एका बंदरात चढून दुसऱ्या बंदरात उतरण्याची आहे. पहिल्या बंदरात गाडी ठेवावी का?

उत्तर : नको. उतरल्यावर गाडी आणायला पुन्हा मागे जावं लागेल, आणि तोवर पार्किंगचे दिवस चालूच. जाताना रेल्वे किंवा टॅक्सी. पण आदल्या रात्रीचा मुक्काम तुम्हीही चुकवू नका. वरच्या बाईंच्या यजमानांना उत्तर दिलंय, ते तुम्हालाही लागू.