पाणबुड्याएवढा जेलीफिश खरंच असतो का?

पाणबुड्याशेजारी त्याच्याएवढाच जेलीफिश दिसणारा फोटो खरा की बनावट, आणि खरा असेल तर हा प्राणी एवढा वाढतो कसा, असं तुम्ही विचारलंय. असे फोटो खरे असतात. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मलाही ती संगणकावरची करामत वाटली होती.

हा नोमुरा जेलीफिश. पिवळा समुद्र, पूर्व चीन समुद्र आणि जपानचा किनारा हा त्याचा मुलूख. छत्रीसारख्या अंगाचा व्यास २ मीटर आणि वजन २०० किलोपर्यंत जाऊ शकतं. जपानी मच्छीमार त्याला 'एचिझेन कुरागे' म्हणतात. एचिझेन हे जपानमधल्या फुकुईकडच्या भागाचं जुनं नाव. तिथल्या मत्स्य प्रयोग केंद्राचे प्रमुख नोमुरा यांनी पाठवलेल्या नमुन्यावरून जपानी प्राणिशास्त्रज्ञ किशिनोउये यांनी १९२२ मध्ये या जातीचं वर्णन केलं.

गंमत म्हणजे हे धूड वयाने लहानच असतं. सुरुवातीला दोन-तीन मिलिमीटरचं पिल्लू, आणि साधारण सहा महिन्यांत मीटरभर! खातो काय, तर प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव. एक मोठं तोंड नसतंच. खाली लोंबणाऱ्या भुजांवर असंख्य चिमुकली तोंडं असतात. शिवाय अंगात बहुतेक पाणीच, त्यामुळे वाढ स्वस्तात पडते.

मच्छीमारांना मात्र तो महागात पडतो. जाळ्यातले मासे त्याच्या वजनाखाली चिरडतात, डंखांनी आणि चिकट स्रावाने खराब होतात. नोव्हेंबर २००९ मध्ये जपानमधल्या चिबाजवळ एक १० टनी बोट अशा जेलीफिशांनी भरलेलं जाळं ओढताना उलटली. तिघे खलाशी वाचले, हे नशीब.

काही बोटी तारा ओढून त्यांचे तुकडे करतात. मला हा उपाय वरवरचा वाटतो, कारण मूळ समुद्राच्या तळाशी आहे. तिथे त्याचा मिलिमीटरभर पॉलिप, म्हणजे ज्यातून पुढे जेलीफिशची पिल्लं सुटतात ती आधीची अवस्था, चिकटलेला असतो. तो जागा बदलतो तेव्हा मागे पोडोसिस्ट नावाच्या इवल्या गाठी सोडतो. त्या वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात आणि परिस्थिती जुळली की त्यांतून नवे पॉलिप निघतात. वर कितीही कापा, तळाचं बियाणं शाबूत.

आणि हो, कधी दिसलाच तर फोटो लांबूनच काढा. डंख चांगलाच झोंबतो. चीनमध्ये त्याने माणसं दगावल्याच्याही नोंदी आहेत. किनाऱ्यावर मरून पडलेल्यालाही हात लावू नका, त्याच्या डंखपेशी नंतरही काम करतात.