चहा-बिस्किट आणि पाटीवरची पेन्सिल

प्रश्न : माझा मुलगा तिसरीत आहे. सकाळी कपभर चहात चार-पाच बिस्किटं बुडवून खातो अन् शाळेत जातो. शाळेतली खिचडी निम्मी टाकतो. घरी आला की पाच रुपयांचा पुडा आणि मोबाइल. भाकरी बघितली की तोंड वाकडं. खेळायला पाठवलं तर दहा मिनिटांत दमून परत येतो. पाटीवरची पेन्सिल खायची खोड आहे, मारूनही जात नाही. शाळा पाऊण किलोमीटरवर, पप्पा गाडीवर सोडतात. काय करावं?
– एक आई, ता. औसा, जि. लातूर

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचताना मी पेन्सिलपाशीच थांबलो. माती, खडू, पेन्सिल खाणाऱ्या लेकराच्या अंगात बऱ्याचदा लोह कमी असतं, आणि लोह कमी असलं की दमही लवकर लागतो. याच आठवड्यात त्याचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. या वयात ते ११.५ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असं आम्ही धरतो. औषध मात्र डॉक्टर सांगतील तेवढंच. शाळेत जंताची गोळी देतात त्या दिवशी त्याला घरी ठेवू नका.

आणि मारू नका, ही कळकळीची विनंती. मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे दुसरीतली एक मुलगी आली होती. आईनं टेबलावर दप्तर उलटं केलं, तर तळाशी पेन्सिलींचे तुकडे, प्रत्येकावर दातांच्या खुणा. हिमोग्लोबिन नऊ निघालं. औषध सुरू झालं आणि तीन महिन्यांत ती खोड आपोआप सुटली.

आता चहा. जेवणाखाण्यासोबत चहा घेतला की अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. त्यात साखर आणि मैदा, म्हणून पोट भरल्यासारखं वाटतं आणि अकरा वाजता लेकरू वर्गात पेंगतं. सकाळचा चहा बंदच करा. आपल्याकडे धपाटं-दही आहे, भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी देऊन, शेंगदाणे घालून सुशीला आहे. सुशीलावर लिंबू पिळायला विसरू नका, आंबटानं लोह चांगलं मुरतं. भाकरी त्याच्या तळहाताएवढी करा, एखादी त्यालाच थापू द्या. तव्यावरून उतरल्या उतरल्या पापुद्रा सोडवून आत शेंगदाण्याची चटणी आणि तेल. लेकरं स्वतः थापलेली भाकरी सहसा टाकत नाहीत. पुडा घरात आणूनच ठेवू नका.

शाळेच्या खिचडीत पहिली ते पाचवीच्या मुलासाठी ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं धरलेली असतात. निम्मी टाकली की तेवढी तूट पडते. एकदा मधल्या सुट्टीत जाऊन चव बघा. तिखट लागत असेल तर बाईंशी बोला, त्या ऐकतील.

या वयाच्या मुलानं रोज किमान ६० मिनिटं धावपळ करावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती सलगच हवी असं नाही. शाळेत पायी जाण्या-येण्यातच वीसेक मिनिटं होतात, तेव्हा गाडी घरी राहू द्या. पहिले काही दिवस तुम्ही किंवा पप्पा सोबत चाला. उरलेल्या वेळात लंगडी, लगोरी, सूरपारंब्या, जे गल्लीतली पोरं खेळतात ते. उन्हाळ्यात मात्र ऊन कलल्यावरच. रक्त कमी निघालं तर सुरुवातीला दमेल, रागावू नका, बसू द्या. रक्त वाढलं की ताकद आपोआप येईल.

हिमोग्लोबिनचा आकडा आला की मला कळवा.