पेरेंट प्लसच्या भरवशावर कॉलेज ठरवू नका

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. आमच्याकडे ग्रीन कार्ड आहे, मुलगी इथेच जन्मलेली. ती येत्या ऑगस्टमध्ये, म्हणजे २०२६ला, कॉलेजात जाईल. पुढे तिला फिजिकल थेरपीची डॉक्टरेट करायची आहे. बॉस्टनजवळच्या एका खाजगी कॉलेजाने स्कॉलरशिप दिली आहे, तरी वर्षाला ३८,००० डॉलर आम्हाला उभे करावे लागतील. आपल्या राज्याच्या विद्यापीठात २१,०००मध्ये भागतं. मुलगा कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्याच्यासाठी पेरेंट प्लस, म्हणजे पालकांना मिळणारं सरकारी कर्ज, काढलं होतं. ऑक्टोबरमध्ये यजमानांची नोकरी गेली. कोथरूडला आमचा एक फ्लॅट आहे, तो भाड्याने दिलाय. भारतातलं दाखवायची गरज नसते असं कळल्यामुळे कॉलेजच्या सरकारी मदतीसाठी भरायच्या फाफ्साच्या फॉर्ममध्ये तो लिहिला नाही. दोन मुलं कॉलेजात असली की आईबापांचा वाटा निम्मा होतो, असंही ओळखीचे सांगतात. मुलीचं मन बॉस्टनवर आहे. कमी पडेल ते कर्ज काढून भरावं का?

उत्तर : ताई, तुमच्या मुलाच्या वेळी ‘कमी पडेल ते कर्ज काढू’ हे जमलं, कारण तेव्हा कॉलेजचा उरलेला सगळा खर्च पेरेंट प्लसमधून मिळू शकत होता. जुलै २०२५मध्ये झालेल्या कायद्याने त्याला मर्यादा घातली आहे. १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्या पालकांना एका मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त २०,००० आणि सगळं मिळून ६५,००० डॉलर मिळतील. मुलासाठी घेतलेलं यात धरत नाहीत. तो त्याच कॉलेजात, त्याच कोर्सला असेपर्यंत त्याचं उरलेलं वर्ष जुन्या नियमांत बसेल. मुलीला मात्र नवे नियम लागू.

वीस गुणिले चार म्हणजे ऐंशी, आणि मर्यादा पासष्टची. पहिली तीन वर्षं वीस-वीस हजार घेतलेत, तर चौथ्या वर्षासाठी पाचच हजार उरतात. मुलीला स्वतःच्या नावावर सरकारी कर्ज मिळेल ते पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि पुढे दोन्ही वर्षी ७,५००. म्हणजे बॉस्टनला पहिल्या वर्षी तुमच्या खिशातून १२,५०० जातील आणि चौथ्या वर्षी २५,५००. तेही फी एका डॉलरनेही वाढली नाही असं धरून, आणि ती वाढतेच. तिथवर पोचलेल्या मुलीला कॉलेज सोडायला कोणी सांगत नाही, मग घरची माणसं खाजगी बँकेच्या कर्जावर सही करतात. यजमानांना नोकरी नसताना हे नको. शिवाय नव्या पेरेंट प्लसला उत्पन्नाच्या प्रमाणात हप्ता ठरवून घेण्याची सोय नाही. पगार असो नसो, ठरलेला हप्ता द्यावाच लागेल.

आता फ्लॅट. फाफ्सात राहतं घर आणि निवृत्तीसाठी साठवलेलं ४०१-के धरत नाहीत. दुसरं घर मात्र धरतात, मग ते कोथरूडला असो की क्लीव्हलँडला. फॉर्मवर सही केली त्या दिवशीची बाजारभावाची किंमत, त्यातून त्यावरचं कर्ज वजा, ही रक्कम डॉलरमध्ये लिहायची. फॉर्ममध्ये दुरुस्ती करता येते, ती याच आठवड्यात करा. पालकांच्या मालमत्तेचा फार तर ५.६४ टक्के हिस्सा तुमच्या वाट्याच्या हिशेबात येतो. फ्लॅट एक लाख डॉलरचा धरला, तर फरक साडेपाच-पावणेसहा हजारांचा. मुद्दाम खोटी माहिती दिल्यास दंड २०,००० डॉलरपर्यंत, शिवाय तुरुंगवासही होऊ शकतो. असे सल्ले देणारे लोक फॉर्मवर सही करत नाहीत, सही तुमची असते. फ्लॅटचं भाडं इथल्या टॅक्स रिटर्नमध्ये दाखवताय ना, तेही पाहून घ्या.

दोन मुलांचा नियम एके काळी खरा होता. २०२४-२५च्या फाफ्सापासून तो गेला, आणि घरच्यांना किती झेपेल हे दाखवणाऱ्या सध्याच्या एसएआय आकड्याला भावंडांच्या संख्येने भागत नाहीत. पेल ग्रँटही, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणारी, परत न करायची सरकारी मदत, गृहीत धरू नका, तुमचं २०२४चं उत्पन्न पाहता ती अवघड दिसते.

तुमचा खरा आधार दुसरीकडे आहे. २०२६-२७च्या फॉर्ममध्ये २०२४चं उत्पन्न जातं, म्हणजे यजमानांचा पूर्ण पगार. आज तो नाही. दोन्ही कॉलेजांच्या फायनान्शियल एड ऑफिसला लिहा आणि ‘प्रोफेशनल जजमेंट’, म्हणजे बदललेल्या परिस्थितीनुसार फेरविचार, मागा. सोबत नोकरी गेल्याचं पत्र, बेकारी भत्त्याचा कागद आणि यंदाच्या उत्पन्नाचा अंदाज जोडा. प्रत्येक कॉलेज आपापला निर्णय घेतं, आणि तो मान्य झाला नाही तर शिक्षण खात्याकडे दाद मागता येत नाही. म्हणून पहिलंच पत्र नीट लिहा. रडगाणं नको, आकडे हवेत.

मुलीशी बोलताना तिच्या डॉक्टरेटचा विषय आधी काढा. पदव्युत्तर शिक्षणासाठीचं ग्रॅड प्लस कर्ज नव्या विद्यार्थ्यांना १ जुलै २०२६ पासून बंद. डॉक्टर, वकील, दंतवैद्य अशांच्या अभ्यासक्रमांना वर्षाला ५०,००० पर्यंत सरकारी कर्ज मिळेल. फिजिकल थेरपी शिक्षण खात्याने आखलेल्या त्या यादीत नाही, म्हणून तिला वर्षाला २०,५०० आणि एकूण एक लाख एवढंच. मला हे पटत नाही, तीन वर्षांचं ते क्लिनिकल शिक्षण आहे. पण हिशेब याच आकड्यांवर करावा लागेल. पुढच्या पदवीला घरचे पैसे लागणार, तर ते आत्ताच बॉस्टनला संपवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. डॉक्टरेटच्या प्रवेशाला तिचे मार्क आणि क्लिनिकमध्ये घालवलेले तास मोजतात, आणि ते राज्याच्या विद्यापीठातूनही मिळवता येतात.

खाजगी कॉलेजाने फेरविचार करून आकडा २५,०००च्या आसपास आणला, तर मला पुन्हा लिहा, मग विचार वेगळा होईल. उत्तर १ मेच्या, म्हणजे प्रवेश पक्का करायच्या तारखेच्या, आत येणार नसेल, तर डिपॉझिटची मुदत वाढवून मागा. बरीच कॉलेजं देतात, पण विचारावं लागतं. राज्याच्या विद्यापीठाचं डिपॉझिट मात्र वेळेत भरून ठेवा, आणि न्यू जर्सीच्या टॅग अनुदानासाठी राज्याने आणखी काही कागद मागितलेत का, हे त्यांच्या पोर्टलवर आजच बघा.