'फिलॉसॉफर' म्हणजे नक्की कोण? पूर्वी शास्त्रज्ञांनाही फिलॉसॉफर म्हणायचे, हे खरं का?

खरं आहे. आणि हे मला वीस वर्षांपूर्वी माहीत असतं, तर माझ्या मामांनी भर पंगतीत माझी शोभा केली नसती.

माझी पीएच.डी. रसायनशास्त्रातली. आईने पदवी फ्रेम करून बैठकीत लावली. सत्यनारायणाच्या दिवशी मामांनी चष्मा कपाळावर चढवून मोठ्याने वाचलं, "डॉक्टर ऑफ फिलॉसॉफी. अगं, तू केमिस्ट्री करत होतीस ना? झेपेना म्हणून तत्त्वज्ञान घेतलंस होय?" पानांवर बसलेले सगळे हसले. "तसंच लिहितात हो मामा," एवढंच मी पुटपुटले. पाच वर्षं ब्युरेटशी झटले होते मी! तेव्हापासून प्रत्येक लग्नकार्यात "या, तत्त्ववेत्त्या!" आमच्या गावात तत्त्ववेत्ता म्हणजे पारावर बसून बिड्या ओढणारा.

तर मामा, ऐका. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ज्ञानाची आवड असणारा. कसलं ज्ञान, याची अट नाही. न्यूटनच्या १६८७ सालच्या ग्रंथाच्या नावातच 'निसर्गाचं तत्त्वज्ञान' आहे. लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचं नियतकालिक १६६५ पासून 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' म्हणून निघतंय. हवेचे पंप, विजेची यंत्रं विकणारे 'फिलॉसॉफिकल इन्स्ट्रुमेंट्स' विकतो म्हणायचे. आणि डाल्टनने अणुसिद्धांत मांडला त्या १८०८ च्या पुस्तकाचं नाव काय? 'अ न्यू सिस्टिम ऑफ केमिकल फिलॉसॉफी'. केमिकल!

'सायंटिस्ट' हे शेंडेफळ. १८३३ साली केंब्रिजला भरलेल्या शास्त्रज्ञांच्या सभेत इंग्रज कवी कोलरिज यांनी हरकत घेतली की प्रयोग करत बसणाऱ्यांनी फिलॉसॉफर म्हणवून घेऊ नये. तेव्हा केंब्रिजचे विद्वान विल्यम ह्यूएल यांनी 'आर्टिस्ट'च्या चालीवर हा शब्द सुचवला, पुढच्या वर्षी तो छापूनही आला. बऱ्याच इंग्रजांनी नाकं मुरडली. विजेवर संशोधन करणारे फॅरेडे तर स्वतःला फिलॉसॉफरच म्हणवून घेत. कोलरिज म्हणजे त्या सभेतले मामाच, माझं स्पष्ट मत.

पदवीचं नाव जर्मन विद्यापीठांकडून आलं. धर्मशास्त्र, कायदा आणि वैद्यक सोडून बाकी बहुतेक विषय तिथे फिलॉसॉफीच्या विद्याशाखेत मोडत.

एक मात्र आहे, आज कुणा केमिस्टला फिलॉसॉफर म्हणायला जाऊ नका, तो अर्थ गेला. आणि न्यूटनच्या त्या तत्त्वज्ञानात देवाचाही विचार होता, म्हणून ते आणि आजचं विज्ञान अगदी एकच, असंही नाही. आजचा फिलॉसॉफर नेमकं काय करतो, हे त्या विषयातल्या कुणीतरी सांगावं.

तुमची पीएच.डी. चालू असेल तर पदवी बैठकीत लावू नका, कपाटात ठेवा. माझ्या पदवीवर इंग्रजीच्या वर मराठीत ठसठशीत 'विद्यावाचस्पती' छापलंय. मामांनी ती ओळ वाचलीच नव्हती.