बंगाली ओकार : संकेतांक एक की दोन?

प्रश्न असा आला आहे : बंगाली आडनावांच्या यादीत ‘घोष’ दोनदा आलंय. दोन्ही नोंदी बंगाली लिपीतच आहेत, दिसायला अगदी एकसारख्या आहेत, पण संगणक त्यांना वेगळं धरतो. एकीची लांबी (साठवलेल्या संकेतांकांची संख्या) ३ भरते, दुसरीची ४. यातली चूक कोणती?

चूक एकही नाही. फरक आहे तो ओकार साठवण्यात.

बंगालीत ओकार व्यंजनाच्या दोन्ही अंगांना बसतो : डावीकडे एकाराची खूण, उजवीकडे काना. ‘स्रोत’ लिहिताना तर डावी खूण अख्ख्या जोडाक्षराच्या आधी येते. युनिकोड (लिप्यांमधल्या अक्षरांना आणि खुणांना संगणकासाठी क्रमांक, म्हणजे संकेतांक, देणारं प्रमाण) मात्र उच्चाराचा क्रम पाळतं. आधी व्यंजन, मागून स्वरचिन्ह. खूण कुठे काढायची ते मजकूर दाखवताना ठरतं. या ओकाराला स्वतःचा संकेतांक आहे, ०९सीबी (हे क्रमांक सोळाच्या पटीतल्या पद्धतीनं लिहितात, म्हणून त्यांत अक्षरंही येतात). पण एकार (०९सी७) आणि त्यापाठोपाठ काना (०९बीई) अशी जोडी दिली तरी तोच ओकार होतो, आणि युनिकोडच्या नियमानुसार दोन्ही रूपं समतुल्य आहेत. तुमच्या एका नोंदीत घ, ओकार, ष आहेत; दुसरीत घ, एकार, काना, ष. संकेतांकाला संकेतांक लावून पाहणाऱ्या प्रोग्रॅमला ती वेगळी वाटणारच.

औकाराचंही असंच, फक्त त्याचा उजवा भाग काना नसतो. त्या भागासाठी ०९डी७ हा वेगळा संकेतांक राखून ठेवलाय. त्याला स्वतंत्र उच्चार नाही, औकार पुरा करणं एवढंच त्याचं काम. अशा अर्ध्या खुणेलाही तक्त्यात जागा मिळाली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

दोन संकेतांकांचं रूप येतं कुठून? एक वाट जुन्या मजकुराची आहे. बांगलादेशात १९८८ साली आलेल्या ‘बिजॉय’सारख्या कळफलकावर दिसतं त्या क्रमानं टंकायची पद्धत होती : आधी एकार, मग व्यंजन, मग काना. असा मजकूर युनिकोडमध्ये आणताना एकार व्यंजनामागे सरकवला आणि कान्याशी जोडायचा राहिला, की दोन तुकडे तसेच राहतात.

उपाय सोपा आहे. सगळी यादी ‘एनएफसी’ या प्रमाण रूपात आणा; त्यात असे सुटे तुकडे सहसा जोडले जातात. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलचं ‘नॉर्मलाइझ’ हे फंक्शन ते करतं. दोन्ही ‘घोष’ ३ वर येतील. मात्र त्याच यादीत ‘राय’ असेल तर दचकू नका. त्यातला खाली टिंब असलेला ‘य’ एका संकेतांकात साठवलेला असेल, तर एनएफसी त्याची फोड करून ‘य’ आणि नुक्ता वेगळे करतं, म्हणजे ३ चे ४ होतात. तिथे नियमच तसा आहे. त्यामुळे लांबीवरून अक्षरं मोजू नका, आणि तुलना करायची ती दोन्ही बाजू प्रमाण रूपात आणल्यावरच.

आता आपल्या देवनागरीचं. आपण ओकाराला ‘काना-मात्रा’ म्हणतो, म्हणजे दोन भाग आपल्या तोंडातच आहेत. पण युनिकोडला देवनागरीतली ही फोड मान्य नाही. इथे ओकार अखंड आहे. काना आणि मात्रा वेगवेगळे टंकून केलेला ‘घाेष’ काही फाँटांत हुबेहूब ‘घोष’ दिसतो, तरी तो युनिकोडच्या लेखी निराळाच शब्द. जालावरच्या मराठी मजकुरात असे ‘काेण’ आणि ‘हाेता’ भरपूर सापडतात आणि शोधताना निसटतात. एनएफसी त्यांना हात लावत नाही. तिथे काना आणि मात्रा लागोपाठ आलेल्या जागा शोधून, त्यांच्या जागी अखंड ओकार बदलूनच घालावा लागतो.