दगडावरचं १३३८ आणि जुनी मुन्सफी

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी कोर्टाची जुनी इमारत आहे. कोर्ट नव्या जागेत गेल्यापासून ती बंद पडून आहे. मुख्य दारावरच्या दगडात उर्दू ओळी आणि १३३८ हा आकडा कोरलेला आहे. गावात कुणी म्हणतं, ही तुघलकाच्या काळातली. ती पाडण्याचा प्रस्ताव आहे, त्यात मात्र 'ब्रिटिशकालीन' असं लिहिलंय. नेमकं काय खरं? दगडाचा फोटो सोबत पाठवतो आहे.
– एक शिक्षक, धाराशिव जिल्हा

उत्तर : गुरुजी, फोटो पाठवलात हे फार बरं केलंत, कारण सगळा उलगडा त्या दगडातच आहे. १३३८ हे इसवी सन नाही. निजामाच्या राज्यात कागदावर दोन सनं चालत, मुसलमानी हिजरी आणि सरकारी महसुलाची फसली. हिजरी १३३८ म्हणजे १९१९-२०. फसलीत ५९० मिळवायचे, म्हणजे १९२८-२९. दोन्हींत नऊ वर्षांचं अंतर पडतं आणि तुमच्या इमारतीच्या बाबतीत हीच नऊ वर्षं मोलाची आहेत.

एरवी आकड्यापुढचं अक्षर बघून सन ओळखतात. 'फे' असेल तर फसली, 'हे' असेल तर हिजरी. तुमच्या दगडाचा नेमका तोच कोपरा उडालाय. पण वरच्या ओळीत महिन्याचं नाव शाबूत आहे. ते 'इस्फंदार' आहे. मोहरम, सफर, रमजान हे हिजरीचे महिने. आजूर, दय, बहमन, इस्फंदार हे हैदराबादच्या फसलीचे. तिथलं फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला लागायचं आणि इस्फंदार चौथा महिना. म्हणजे तुमचा दगड साधारण जानेवारी १९२९ मध्ये बसला.

आता त्या नऊ वर्षांचं. निजामाचे दिवाण सालारजंगांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली, म्हणजे मुलखाचे जिल्हे पाडले, तालुक्याला तहसीलदार बसवले. पुढं कितीतरी वर्षं वसुली आणि न्याय बऱ्याच ठिकाणी एकाच कचेरीत, एकाच माणसाच्या हाती राहिले. ज्यानं शेतसारा थकला म्हणून तुमचे बैल ओढून न्यायचे, त्याच्याच पुढं फिर्याद घेऊन उभं राहायचं! १९२१ मध्ये निजाम मीर उस्मान अली खानांच्या फर्मानानं न्यायखातं महसुलापासून वेगळं झालं. तेव्हा इंग्रजांच्या मुलखातही ही मागणी अजून मागणीच होती. हिजरी धरली असती तर तुमची इमारत या फर्मानाच्या आधीची ठरली असती. फसलीमुळं ती नंतरची ठरते. तहसीलदारापासून सुटलेल्या मुन्सफासाठी, म्हणजे तालुक्याच्या दिवाणी न्यायाधीशासाठी, ती उभी राहिली, असं मी त्यामुळं मानतो. संस्थानी राजवटीचे दोष कमी नव्हते आणि मराठवाड्यानं ते सोसले आहेत. तरी ही गोष्ट चांगली झाली आणि तिची दगडी खूण तुमच्या गावात आहे, हेही सांगितलं पाहिजे.

'ब्रिटिशकालीन' हा शब्द प्रस्तावातून जरूर खोडायला लावा. आपल्याकडं १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं. तालुक्याची कोर्टं, तहसिली, दवाखाने निजाम सरकारच्याच बांधकाम खात्यानं, तामीरातनं बांधले. जालना, हिंगोली, अंबाजोगाई अशा काही गावांत इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या पलटणींच्या छावण्या होत्या. तिथल्या छावणीतल्या इमारतींची गोष्ट वेगळी. तुमच्या गावाला तो संबंध नाही.

कुलूप उघडून घेता आलं तर आत जाऊन तीन जागा बघा. मी कोर्टात नाझर म्हणून निवृत्त झालो आणि वडील कोर्टासमोरच्या लिंबाखाली अर्जनवीस होते, त्यामुळं अशा इमारती आतून-बाहेरून पाहिलेल्या आहेत. पहिली जागा इजलासाची, म्हणजे न्यायाधीश बसून सुनावणी घेत त्या दालनाची. चौथऱ्यामागं भिंतीत एक दार असतं. ते मुन्सफाच्या खोलीत उघडतं आणि त्या खोलीला बाहेरच्या बाजूनं स्वतंत्र पायऱ्या असतात. पक्षकार पुढच्या कमानींच्या ओसरीतून येणार, मुन्सफ मागून. वादी-प्रतिवादी सोडाच, वकिलाचीही त्याच्याशी वाटेत गाठ पडू नये, ही सोय बांधणाऱ्यानं नकाशातच केली. दुसरी जागा दप्तरखाना. जाड भिंती, उंचावर गजांच्या बारक्या खिडक्या, दाराला लोखंडी पत्रा.

तिसरी जागा शोधायला वेळ लागेल. इजलासाच्या छताला लोखंडी कड्या दिसतील. त्यांना कापडी पंखा टांगलेला असे. कड्यांच्या रेषेत बाजूच्या भिंतीत, माणसाच्या डोक्यापेक्षा थोडं वर, मुठीएवढं भोक सापडेल. त्यातून दोरी ओसरीवर जायची आणि तिथं बसलेला माणूस दिवसभर ती ओढायचा. भोकाच्या खालच्या काठावरून बोट फिरवा. दोरीनं काळ्या दगडात घातलेली गुळगुळीत खाच हाताला लागेल. आत कुणाच्या जमिनीचा, कुणाच्या वाटणीचा निकाल लागत असताना हा माणूस बाहेर उन्हाच्या झळांत बसलेला असे. कोनशिलेवर त्याचं नाव नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, कुणाच्या घरातला होता ते कदाचित कळेल.

प्रश्न : अशाच एका इमारतीच्या भिंतींना मध्यंतरी सिमेंटचा गिलावा झाला. आता ओल वाढलीय आणि पोपडे पडतायत. '९३ च्या भूकंपानंतर दगडी भिंतींची भीतीही वाटते.
– एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : ओलीचं कारण तो गिलावाच. जुनी भिंत चुन्याची. घाण्यात दळलेला चुना, वाळू, विटांची सुरखी, कुठं गुळाचं पाणी, कुठं हिरडा. अशा भिंतीत शिरलेलं पाणी चुन्यातून सुकून बाहेर जातं. वर सिमेंट थापलं की ती वाट बंद होते, पाणी आतच राहतं, क्षार फुगतात आणि दगडाचा दर्शनी पापुद्रा सुटतो. सिमेंट हातानं, छिन्नीनं, सावकाश काढा. ब्रेकर लावू नका. पुन्हा गिलावा चुन्याचाच करा. त्याआधी छताचे पन्हाळे आणि पायाभोवतीची भर बघा, कारण निम्मी ओल तिथूनच येते.

भीतीचं म्हणाल, तर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जे गेलं ते आठवलं की आजही बोलवत नाही. तिथं पडलेल्या बहुतेक भिंती गोट्यांच्या आणि मातीत रचलेल्या होत्या, वर माळवदाचा, म्हणजे मातीच्या धाब्याचा भार. आतला आणि बाहेरचा थर बांधणारा आरपार दगडच नव्हता. त्यामुळं दोन्ही थर फुटून सुटे झाले. घडीव दगडाची, चुन्यातली भिंत वेगळी वागते. तरी माझ्या शब्दावर विसंबू नका. दगडी बांधकाम जाणणाऱ्या अभियंत्याकडून तपासणी करून घ्या आणि निर्लेखनाच्या, म्हणजे इमारत निकालात काढण्याच्या कागदावर सही होण्याआधी करून घ्या. नुसतं 'जीर्ण' म्हणून शेरा मारलेला मी मान्य करणार नाही. गर्डर कुठं गंजला, भेग कुठं आणि किती रुंद, हे लिहिलेलं असलं पाहिजे.

प्रश्न : आजोबांच्या जमिनीचा १९४० च्या सुमारास मुन्सफीत निकाल लागला होता. तो कुठं मिळेल?
– एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : आधी त्याच कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करा. मुदत संपलेले बरेच कागद नियमाप्रमाणे नष्ट होतात, म्हणून 'फाईल नाही' एवढं ऐकून परतू नका. दिवाणी दाव्यांची नोंदवही बघायला मागा. साल फसलीत सांगा, १९४० म्हणजे १३४९ किंवा १३५०. इसवी सनावर शोधणाऱ्याला ते सापडणारच नाही. घरी १९५४ चं खासरा पत्रक, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा कागद असेल तर त्यातला सर्व्हे नंबर सोबत न्या. वरपर्यंत अपील झालं असेल तर १९५६ पर्यंत आपलं हायकोर्ट हैदराबादला होतं, तिकडं चौकशी करावी लागेल. सरकारी पत्रव्यवहारासाठी छत्रपती संभाजीनगरचं पुराभिलेखागार आणि हैदराबादेत तारनाक्याचं राज्य अभिलेखागार, ही दोन ठिकाणं. कागद उर्दूत, शिकस्ता म्हणजे घाईनं लिहिलेल्या मोडक्या वळणाचा असेल. वाचणारा माणूस आधीच शोधून ठेवा आणि नक्कल मिळाली की मूळ मजकुरासोबत मराठी तर्जुमाही लिहून घरात ठेवा.